शेऱ्याचा रकाना



या व्याख्यानमालेच्या जुन्या पुस्तिका माझ्या वडिलांच्या कपाटात आहेत. त्यांत संतसाहित्यावर व्याख्याने आहेत, निजामी राजवटीतल्या मराठी शाळांवर आहेत, नाट्यसंगीतावर आहेत. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाचे एकही नाही. म्हणून कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी विचारले, की नंबर चुकून तर लागला नाही ना. ते म्हणाले, "तुम्ही रोज काय करता तेच सांगा. आमच्या निम्म्या घरांतली पोरं तेच करतात, आणि ती दिवसभर काय करतात हे आम्हांला कळत नाही."

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर सोपे आहे. दिवसभर मी रकाने आखतो. माझ्या आजोबांनीही तेच केले. ते तहसिलीत अव्वल कारकून होते; दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी येऊन स्वतःचा हिशेब मोडीत मांडायचे. त्यांच्याजवळ रूळ आणि बोरू होता, माझ्याजवळ कळफलक आहे. कोणती माहिती ठेवायची, कुठे ठेवायची, तिला किती जागा द्यायची, आणि कोणती ठेवायचीच नाही, हे ठरवणे म्हणजे आमचा धंदा. बाकीचे सगळे, पडद्यावरची रंगीत बटणे वगैरे, त्यावरचा मुलामा असतो.

रकाना आखणारा माणूस आपल्या घरच्या रीतीने आखतो, ही त्यातली पहिली गोम. अमेरिकी अर्जात 'पहिले नाव' आणि 'शेवटचे नाव' असे दोन रकाने असतात. आपण मराठी माणसे त्यात कशीबशी बसतो. वडिलांचे नाव मध्ये कुठेतरी कोंबतो. पण माझ्या एका तेलुगू सहकाऱ्याचे इंटिपेरू, म्हणजे घराण्याचे नाव, रीतीप्रमाणे आधी येते. ते 'पहिल्या' रकान्यात पडले आणि तिकडची माणसे त्याला कित्येक वर्षे घराण्याच्या नावाने हाक मारत राहिली. तोही ओ देत राहिला. आणि आमच्या जुन्या शेजाऱ्यांना, चारमिनारजवळच्या एका हकीमसाहेबांना, आडनावच नव्हते. त्यांच्या मुलाच्या व्हिसाच्या कागदावर त्या जागी काय लिहायचे यावर आमच्या ओसरीवर अख्खी संध्याकाळ गेली होती.

मी या धंद्यात आलो 1998 साली. त्या वर्षी नोव्हेंबरात सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि अमीरपेठेतल्या एकेका जिन्यात तीन-तीन क्लासच्या पाट्या लागल्या. आमच्या पिढीला नोकऱ्या मिळाल्या त्या एका जुन्या काटकसरीमुळे. पूर्वी संगणकात माहिती भरायची ती पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून. एका कार्डावर ऐंशी रकाने. एवढ्यात माणसाचे नाव, पत्ता, रक्कम, तारीख सगळे बसवायचे, तर वर्षाला चार आकडे कोण देणार? दोनच द्यायचे. कार्डे गेली तरी सवय राहिली, आणि 1999 नंतरचे '00' म्हणजे 2000 की 1900 हे यंत्राला कळेना. परदेशातल्या एका विमा कंपनीच्या हजारो ओळी वाचून त्यातल्या तारखा शोधून काढणे हे माझे पहिले काम. प्रत्येक ठिकाणी चार आकडे करायला वेळ नव्हता, म्हणून बऱ्याच जागी आम्ही युक्ती केली. 00 ते 49 आले तर 2000 नंतरचे समज, 50 ते 99 आले तर 1900 नंतरचे. दुरुस्ती नव्हे, पन्नास वर्षांची मुदतवाढ. मी तेवीस वर्षांचा होतो, आणि तेव्हा मला ती फार हुशारी वाटली होती.

रकान्यांचा हिशेब चुकला की काय होते, हे आपण सर्वांनी 19 जुलै 2024 ला पाहिले. क्राउडस्ट्राइक नावाच्या संगणक-सुरक्षेच्या कंपनीने रोजच्यासारखी एक छोटी सुधारणा पाठवली आणि जगभरची यंत्रे निळा पडदा दाखवून बसली. मायक्रोसॉफ्टने आकडा दिला होता 85 लाख यंत्रांचा. पुढे कंपनीनेच कारण जाहीर केले ते असे, की आखणीत 21 रकाने होते आणि प्रोग्राम पुरवत होता 20. एकविसावा वाचायला यंत्र गेले, तिथे काही नव्हते, आणि ते कोसळले. त्या दिवशी विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आपल्या हैदराबादहून निघालेल्या एका प्रवाशाच्या पासाचे छायाचित्र देशभर फिरले. आमच्या घरी वडील ते बघून इतके खूश झाले, की त्यांनी कपाटातून दौत काढून दाखवली. मी मात्र त्या एकविसाव्या रकान्याचाच विचार करत होतो, कारण तसा एक रकाना माझ्याही नावावर आहे. आज मुख्यतः त्याबद्दल बोलायचे आहे.

आजोबा नोकरीनिमित्त ज्या गावी बारा-चौदा वर्षे होते, तिथे एक जुने मराठी ग्रंथालय आहे. गावाचे नाव सांगत नाही. चूक माझी असताना त्यांचे नाव कशाला? 2004 साली तिथल्या मंडळींनी विचारले, की आमची ग्रंथसूची संगणकावर करून द्याल का. आजोबांनी तिथे पुस्तके दिली होती असे घरात नेहमी सांगितले जाई. मी आणि माझे दोन मित्र शनिवारी रात्री काचीगुड्याहून गाडी धरायचो आणि रविवारभर तिथे बसायचो.

दाखल नोंदवह्या चार होत्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. रकाने असे: दाखल क्रमांक, तारीख, ग्रंथाचे नाव, ग्रंथकार, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, कोणाकडून मिळाले, आणि शेवटी शेरा. मी पहिल्याच रविवारी आखणी केली आणि शेरा वगळला. बऱ्याच नोंदींपुढे तो कोराच होता, आणि जिथे भरलेला होता तिथे मजकूर लांबलचक, कसाही, कधी समासात चढलेला. अशा मजकुरात शोध घेता येत नाही, याद्या करता येत नाहीत. ग्रंथपाल काका माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "आन् शेरा कुठं टाकायलाव, साहेब?" मी म्हटले, "काका, त्यात शोधण्यासारखं काही नसतं." ते "बरं" म्हणाले आणि चहा सांगायला गेले. त्यांच्या त्या "बरं"चा अर्थ लावायला मला अठरा वर्षे लागली.

तारखांचा घोळ पहिल्याच दिवशी सुरू झाला. 1948 पर्यंतच्या नोंदी फसली सनातल्या. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुनी सनदपत्रे आहेत त्यांना हे सांगायला नको, पण तरुण मंडळींसाठी सांगतो. शहाजहानच्या काळात दख्खनेत 1636 च्या सुमारास हा सन चालू झाला. तेव्हाचा हिजरी आकडा, 1046, तसाच घेतला आणि पुढे वर्षे सौर मानाने मोजली, म्हणजे पिकांशी मेळ राहील. म्हणून इसवी सन हवा असेल तर साधारण 590 मिळवायचे. निजामी कारभारात वर्ष ऑक्टोबरात अजूर महिन्याने सुरू व्हायचे. मग दै, बहमन, इस्फंदार. तेव्हा 1351 फसलीचा दै महिना म्हणजे 1941 ची अखेर. हे गणित अवघड नाही. चार ओळींत लिहिता आले असते. पण मी प्रोग्रामला सांगून ठेवले होते, की 1800 च्या आधीचे वर्ष म्हणजे चूक. टंकलेखन करणाऱ्या मुलांनी 1351 टाकले की यंत्र लाल अक्षरांत ओरडायचे. मुलांनी दोनदा मला विचारले, मग रकाना रिकामा सोडू लागली.

आता यंत्राचे एक वैशिष्ट्य ऐका. बहुतेक संगणक वेळ मोजतात ती 1 जानेवारी 1970 पासून गेलेल्या सेकंदांत. तारीख कोरी राहिली आणि प्रोग्राम लिहिणारा गाफील असला, तर कोऱ्याचे शून्य होते आणि शून्याची 1 जानेवारी 1970. आमची पहिली छापील सूची निघाली तेव्हा तीत दोनशेहून जास्त पुस्तके त्या एकाच दिवशी ग्रंथालयात दाखल झालेली होती. 1965 साली वारलेले माझे आजोबा 1970 साली पाच पुस्तके देऊन गेले होते. आम्ही तिघे हसलो. नंतर बघू म्हटले. या धंद्यात 'नंतर बघू' या शब्दांवर किती इमारती उभ्या आहेत ते आपल्याला सांगितले तर आपण लिफ्टमध्ये बसणार नाही.

सूची वापरात आली. मग 2012 साली लिपीचा प्रश्न उभा राहिला. 2004 मध्ये आम्ही टंकलेखन केले होते ते जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. त्या पद्धतीत यंत्राला देवनागरी ठाऊक नसते. ते साठवते रोमन अक्षरेच, फक्त त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात. उत्तरेकडे गाजलेल्या कृतिदेव फाँटमध्ये 'मेरा' लिहिले तर आत ई, एस, जे, के ही चार अक्षरे असतात. फाँट काढा, मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून सगळी सूची त्यात आणायची ठरली.

आणली, तर नवाच पेच. आपल्याला डोळ्याने एकच दिसणारा शब्द यंत्राला दोन वाटू लागला. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली 2008 मध्ये. त्याआधीचे लोक 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवत. दिसायला तेच, आत निराळे. 'शेऱ्याचा' या शब्दातला र, ज्याला आपण अर्धा र म्हणतो, तोही दोन तऱ्हांनी लिहिता येतो. त्यात भर म्हणून जुनी पुस्तके अनुस्वारांनी लदलेली. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार गेले, पण 1930 च्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून कसे जातील? तेव्हा मी एक प्रोग्राम लिहिला. तो हे सगळे भेद पुसायचा, अनुस्वार गाळायचा, ऱ्हस्व-दीर्घ एक करायचा, आणि मग सारखी दिसणारी पुस्तके जोडीने काढून द्यायचा. खरे सांगतो, मी आयुष्यात लिहिलेल्या चांगल्या प्रोग्रामांपैकी तो एक आहे. आजही मला त्यात चूक सापडत नाही.

ग्रंथालयाला तेव्हा जागेची अडचण होती. छत गळत होते, दुरुस्ती निघाली होती, निर्लेखन करायचे होते. समितीने विचारले, दुबार प्रतींतली कोणती बाद करायची? पुस्तके काढून बघायला माणसे नव्हती. मी नियम घालून दिला, की ज्या प्रतीचा दाखल क्रमांक नंतरचा ती ठेवा. नवी असेल, सुस्थितीत असेल. यादी छापली, समितीने सह्या केल्या, रद्दीवाला टेम्पो घेऊन आला. सगळे संगणकावर आहेच म्हणून त्याच टेम्पोत नोंदवह्याही गेल्या. मला ते चार महिन्यांनी कळले. कळले तेव्हा वाईट वाटले, पण फार नाही. हेही नोंदवून ठेवतो.

ग्रंथपाल काका 2009 मध्येच निवृत्त झाले होते. 2022 साली ते गेले. महिन्याभराने त्यांची मुलगी आमच्या घरी आली, पिशवीत लाल पुठ्ठ्याची वही घेऊन. दुसरी नोंदवही. शिवण उसवली म्हणून काकांनी ती घरी नेली होती आणि परत द्यायची राहून गेली होती. "बाबा म्हणायचे, साहेबांना द्या, त्यांच्या कामाची आहे," ती म्हणाली. राहून गेली होती की ठेवून घेतली होती, हे मी तिला विचारले नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा शेऱ्याचा रकाना वाचला. सलग, वरपासून खालपर्यंत, बाकीचे रकाने हाताने झाकून. एका नाटकापुढे: पाने 40 ते 56 पुरांत भिजून गेलीं. एका चरित्रापुढे: वाचक परत देत नाहींत, तीन वेळां माणूस पाठविला; आणि खाली निराळ्या शाईत, चौथ्या वेळीं दिलें. 1357 फसलीत, म्हणजे रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षात, ओळीने अकरा पुस्तकांपुढे एकच वाक्य आहे, की ही पेटीत घालून एका घरी ठेवली आहेत; घर कोणाचे ते लिहिलेले नाही. ते न लिहिण्यामागे केवढी अक्कल होती! आणि मग 1351 च्या दै महिन्यात आजोबांची पाच पुस्तके. तीन कादंबऱ्या, आणि किर्लोस्करवाडीहून 1930 पासून निघू लागलेल्या 'स्त्री' मासिकाचे दोन बांधीव खंड. 'कोणाकडून मिळाले' या रकान्यात आजोबांचे पूर्ण नाव, हुद्द्यासह. शेऱ्यात हे:

दात्याचे पत्नीनें समक्ष आणून दिलीं. नांव यजमानांचें लिहावें असें म्हणाल्या. खंडांच्या समासांत पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या खोडूं नयेत, अशी देणारीची इच्छा.

आमच्या घरात आजीला बाई म्हणत. बाईबद्दल जे सांगितले जाई त्यात तिचे पुरणाचे हात होते, तिचा आवाज होता, वाचणे नव्हते. आजोबा गेल्यावर 1966 साली केलेला वारसाचा अर्ज माझ्याकडे आहे. त्यावर तिचा डाव्या हाताचा अंगठा आहे आणि खाली लिहिले आहे, निरक्षर. मी वही घेऊन वडिलांकडे गेलो. त्यांना तेव्हा पंचाऐंशी पूर्ण झाली होती. त्यांनी तो शेरा भिंग लावून दोनदा वाचला. म्हणाले, "बाई अन् वाचनालय? कधी गेली की बाबा. पण दुपारी आतून कडी लावून बसायची, हे खरं. आम्हांला वाटायचं निजली." मी अंगठ्याचे विचारले. "अरे, कचेरीतला माणूस शाईचा डबा पुढं करायचा. लिहिता येतं का म्हणून कोण विचारायचं तेव्हा? अन् बाई कशाला सांगती?"

दुसऱ्या दिवशी मी निर्लेखनाची यादी काढली. ती माझ्या जुन्या यंत्रात जशीच्या तशी होती. 'स्त्री'चा एक खंड त्यात होता. त्याच वर्षाची दुसरी प्रत 1983 साली कोणी दिली होती. तिचा दाखल क्रमांक नंतरचा, म्हणून ती राहिली. दुसरा खंड आणि कादंबऱ्या यादीत नाहीत, पण कपाटातही नाहीत. छत गळायचे ते त्याच बाजूला. म्हणजे जो एक खंड पावसातून वाचला असता, तो माझ्या नियमाने गेला. शेऱ्याचा रकाना आखला असता तर यादी छापताना त्या ओळीपुढे 'खोडू नयेत' असे दोन शब्द दिसले असते. समितीतले कोणीतरी थांबले असते. कदाचित मी थांबलो असतो. कदाचित नाहीही, 2012 साली मी फार घाईत असे.

हल्ली वर्तमानपत्रात रोज कृत्रिम बुद्धिमत्तेची बातमी असते, आणि भेटेल तो मला विचारतो, की आता तुमच्या नोकऱ्या जाणार का. ते मला माहीत नाही, आणि आज त्यात शिरत नाही. फक्त एक घडलेले सांगतो. गेल्या वर्षी मी त्या नोंदवहीच्या पानांची छायाचित्रे काढून तसल्या एका प्रोग्रामला वाचायला दिली. काम थक्क करणारे होते. उसवलेली पाने, पुसट शाई, फसली महिने, सगळे त्याने क्षणात टंकून दिले. 1351 चे 1941 सुद्धा करून दिले, जे मी केले नव्हते. मी बाईच्या नोंदीपाशी आलो. तिथे त्याने लिहिले होते: त्या खोडू नयेत, अशी देणाऱ्याची इच्छा. मूळ पानावर 'देणारीची' अगदी स्वच्छ आहे. शेजारच्या रकान्यात पुरुषाचे नाव आहे हे यंत्राने पाहिले असावे आणि हस्तदोष समजून सुधारून दिले. मी त्याच्यावर चिडू शकलो नाही. भेद पुसणारा प्रोग्राम मीही लिहिलेला आहे.

आता ग्रंथालयात नवी ग्रंथपाल आहे, तिशीची मुलगी. तिच्याबरोबर बसून आम्ही सूचीत शेऱ्याचा रकाना वाढवला. त्यात अक्षरांची मर्यादा ठेवलेली नाही. दुसऱ्या नोंदवहीतले शेरे मी हाताने टंकतो आहे, अनुस्वारांसकट. रात्री जेवण झाल्यावर रोज दोन पाने. बाकीच्या तीन वह्यांचे शेरे कोणाला आठवत असतील तर विचारावे म्हणून तिने दारावर सूचना लावली आहे. आतापर्यंत सहा माणसे येऊन गेली. त्यांतल्या एकाला पाने 40 ते 56 आठवत होती.

'कोणाकडून मिळाले' या रकान्यावरून घरात वाद चालू आहे. माझी मुलगी म्हणते, बाईचे नाव घाला. वडील म्हणतात, तिने स्वतः सांगितलेले मोडायचे नाही. सध्या आजोबांचेच नाव आहे.

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी 1983 ची प्रत मागवून घेतली, आम्ही ठेवली ती. बांधणी उत्तम आहे. पानन् पान पाहिले. समास कोरे आहेत.